दक्षिण आशियाचा महासंघ : पाया कोणता?

दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटनेची, म्हणजेच 'सार्क'ची, अठरावी शिखर परिषद २०१४ च्या नोव्हेंबरात काठमांडूला झाली. एकोणिसावी परिषद २०१६ मध्ये इस्लामाबादला भरावयाची होती. उरीच्या लष्करी तळावरील हल्ल्यानंतर भारताने तीत भाग घेण्यास नकार दिला, बांगलादेश, भूतान व अफगाणिस्तान यांनीही तोच मार्ग धरला, आणि ती परिषद झालीच नाही. त्याला आता अनेक वर्षे उलटली. काठमांडूत सचिवालय आहे, दिल्लीत संघटनेचे विद्यापीठ आहे. परंतु ज्या कार्यासाठी १९८५ च्या डिसेंबरात ढाक्याला सात राष्ट्रप्रमुख एकत्र आले होते, ते कार्य ठप्प आहे.

या स्थितीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आपल्याकडे रूढ आहेत. एक पक्ष म्हणतो, सार्क मेली, तिचे दिवस घालून मोकळे व्हा. दुसरा सदिच्छावादी पक्ष म्हणतो, पुन्हा एकदा नेत्यांचे हस्तांदोलन झाले, दोन-चार जकाती उतरल्या, की गाडी रुळावर येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. शेजारी राष्ट्रांचा संघ केवळ नेत्यांच्या भेटीतून उभा राहत नाही आणि व्यापाऱ्यांच्या जकातयादीतूनही उभा राहत नाही. तो टिकावयाचा तर दोन गोष्टी लागतात. त्या संघामुळे सर्वसामान्य श्रमिकाच्या पदरात काही पडले पाहिजे, ही पहिली. आणि संघातील सर्वांत मोठ्या राष्ट्राने लहानांपेक्षा अधिक भार उचलला पाहिजे, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी आपल्या उपखंडात आजवर कधी एकत्र आल्या नाहीत. समाजवादी कार्यकर्त्याने या विषयाकडे पाहावयाचे ते याच अंगाने.

तुटलेली बाजारपेठ

हा उपखंड आर्थिकदृष्ट्या विभागलेला होता आणि आता त्याला जोडावयाचे आहे, अशी मांडणी पुष्कळदा केली जाते. ती इतिहासाला धरून नाही. १९४७ पूर्वी ही एकच बाजारपेठ होती. तागाची शेते पूर्व बंगालमध्ये आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्याभोवती, अशी रचना होती. मुंबई-अहमदाबादच्या कापडगिरण्यांना सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस लागत असे. सिंध प्रांत तर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील एका जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आजही आहे.

फाळणीने सीमा आखली, पण व्यापार एका दिवसात थांबला नाही. १९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या एकूण निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत होता. त्यावर खरा घाव पडला तो १९४९ च्या सप्टेंबरात. ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, भारताने त्याच्यामागोमाग रुपयाचे केले, पाकिस्तानने मात्र केले नाही. शंभर पाकिस्तानी रुपयांना एकशे चव्वेचाळीस भारतीय रुपये मोजण्याची वेळ आली. भारताने तो दर मानण्यास नकार दिला आणि व्यापार कोसळला. ताग पिकविणारा पूर्व बंगालचा शेतकरी आणि तागावर जगणारा हुगळीकाठचा गिरणी कामगार दोघेही एका फटक्यात अडचणीत आले. पुढे भारताने आपल्या हद्दीत तागाची लागवड वाढविली, पाकिस्तानने आपल्या हद्दीत गिरण्या काढल्या. एकाच उद्योगाचे दोन अर्धवट तुकडे झाले आणि दोघांनीही स्वावलंबनाचा ढोल वाजविला.

परिणाम आपल्यासमोर आहे. दक्षिण आशियातील देशांचा एकमेकांशी होणारा व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास घोटाळत राहिला आहे. आग्नेय आशियातील संघटनेत हे प्रमाण एक-पंचमांशाहून अधिक आहे, युरोपीय संघात सुमारे साठ टक्के आहे. जागतिक बँकेने २०१८ च्या आपल्या एका अहवालात दाखवून दिले की भारताला शेजारच्या पाकिस्तानशी व्यापार करण्यापेक्षा सातासमुद्रांपलीकडच्या ब्राझीलशी व्यापार करणे सुमारे वीस टक्के स्वस्त पडते. भूगोलाने दिलेले वरदान राजकारणाने कसे मातीमोल केले, याचा याहून बोलका दाखला शोधावयास नको.

मुक्त व्यापाराचा करार झालाच नाही असे नाही. २००४ च्या जानेवारीत इस्लामाबादला त्यावर सह्या झाल्या आणि २००६ पासून तो लागू झाला. परंतु प्रत्येक देशाने सवलतीतून वगळलेल्या वस्तूंच्या लांबच लांब याद्या जोडल्या. ज्या वस्तू शेजाऱ्याला खरोखर विकता आल्या असत्या, नेमक्या त्याच पुष्कळ वेळा त्या याद्यांत होत्या. तौलनिक लाभाचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविला जातो. व्यापाराने दोन्ही देशांचा लाभ होतो, एवढे तो सांगतो. तो लाभ दोघांत कसा वाटला जाईल, आणि प्रत्येक देशाच्या आत मालक व मजूर यांच्यात कसा वाटला जाईल, याविषयी तो मौन पाळतो. संघ जुळतात किंवा मोडतात ते नेमके या मौनाच्या जागी.

युरोपने काय केले?

युरोपचे उदाहरण आपल्याकडे हटकून दिले जाते, पण अर्धेच. फ्रान्स व जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले आणि तरी एकत्र आले, एवढे सांगून वक्ते थांबतात. ते कसे एकत्र आले, हे पाहिले पाहिजे. संयुक्त युरोपचा एक पायाभूत जाहीरनामा १९४१ मध्ये व्हेन्तोतेने बेटावर, मुसोलिनीच्या राजवटीने डांबलेल्या अल्तिएरो स्पिनेल्ली, एर्नेस्तो रॉस्सी प्रभृती कैद्यांनी लिहिला. म्हणजे ही कल्पना बँकांच्या कचेरीत नव्हे, तर फॅसिझमविरोधी बंदिवासात वाढली, आणि सामाजिक परिवर्तनाची मागणी तिच्यात प्रारंभापासून होती.

प्रत्यक्ष आरंभ झाला तो कोळसा व पोलाद या दोन वस्तूंपासून. १९५१ मध्ये पॅरिसला सहा देशांनी करार केला. ज्या वस्तूंवाचून युद्ध लढता येत नाही, त्याच सामायिक नियंत्रणाखाली आणल्या. परंतु त्या करारातील आणखी दोन तरतुदींकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बाजार खुला झाल्यामुळे ज्या कामगारांचे काम जाईल त्यांना निर्वाहभत्ता, नवे प्रशिक्षण व पुनर्वसनाचा खर्च मिळावा, ही एक. आणि मजुरी अस्वाभाविकपणे खाली ठेवून कोणी स्वस्त माल विकू लागला तर सामायिक प्राधिकरणाला हस्तक्षेप करता यावा, ही दुसरी. बेल्जियमचा खाणकामगार आणि रूरचा खाणकामगार यांना एकमेकांच्या पोटावर पाय देण्यास भाग पाडले जाणार नाही, याची कागदावर का होईना हमी पहिल्याच करारात दिली गेली होती.

पुढे युरोपला जे तडे गेले तेही याच कसोटीवर समजतात. सामायिक चलन आले, पण संकटाच्या वेळी दुबळ्याला सावरण्याची सामायिक तिजोरी आली नाही. २०१० नंतर ग्रीसवर निवृत्तिवेतन व मजुरी कापण्याच्या अटी लादल्या गेल्या. २०१५ च्या जुलैत ग्रीक जनतेने सुमारे एकसष्ट टक्के मतांनी त्या धुडकावल्या आणि काही दिवसांतच त्यांच्या सरकारला तितक्याच कठोर अटी मान्य कराव्या लागल्या. २०१६ मध्ये ब्रिटनने अल्प बहुमताने बाहेर पडण्याचा कौल दिला. त्यात परकीयद्वेषाचा वाटा मोठा होता हे खरेच. पण खाणी व कारखाने बंद पडलेल्या जिल्ह्यांतून तो कौल भरभरून मिळाला, हेही खरे. सीमा खुली झाली आणि सुरक्षितता गेली, असे ज्याला वाटते तो सीमेलाच कुंपण मागू लागतो. त्याच्या अज्ञानाला हसण्यापेक्षा त्याची सुरक्षितता का गेली हे विचारणे अधिक उपयोगाचे.

पूर्व आफ्रिकेचा धडा

युरोप श्रीमंत आहे, त्याची बरोबरी आपण कशी करणार, असा एक आक्षेप असतो. म्हणून आपल्यासारख्याच वसाहतवादातून बाहेर पडलेल्या प्रदेशाचे उदाहरण पाहू. केनिया, टांझानिया व युगांडा या तीन देशांनी १९६७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन केला. त्यांची रेल्वे, बंदरे, टपाल व विमानसेवा सामायिक होती. ज्युलियस न्येरेरे यांच्यासारखा समाजवादी नेता त्यामागे होता. तरीही अवघ्या दहा वर्षांत, १९७७ मध्ये, तो समुदाय कोसळला. इदी अमीनची राजवट हे त्याचे एक कारण. पण अधिक खोल कारण असे की, कारखाने नैरोबीभोवती एकवटत गेले आणि इतर दोन देश केनियाच्या मालाचे गिऱ्हाईक बनले.

लक्षणीय गोष्ट ही की, १९९९ मध्ये जेव्हा याच देशांनी पुन्हा करार केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच जुन्या समुदायाच्या अपयशाची कारणे नोंदविली गेली. लाभाची विषम वाटणी आणि लोकसंघटनांचा अपुरा सहभाग ही त्यांतील दोन. नवा समुदाय वाढला, त्यात आणखी देश आले आणि २०१७ मध्ये त्यांनी राजकीय महासंघाच्या दिशेने पाऊल टाकण्याचे ठरविले. त्यांची वाटही खडतरच आहे. सभासद देशांत आपसांत रक्तपातही झाला आहे. पण अपयशाचे कारण करारातच लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी दाखविला, तो आपल्या सात-आठ सरकारांना साधलेला नाही.

आपल्या सनदेने तर उलटीच व्यवस्था केली. सर्व निर्णय एकमताने व्हावेत आणि द्विपक्षीय वादाचे विषय चर्चेला येऊच नयेत, असे तिच्या दहाव्या कलमात आहे. ज्या विषयांमुळे भांडण आहे ते वर्ज्य, आणि जे वर्ज्य नाहीत त्यांवरही एकाचा नकार पुरेसा!

मोठ्या शेजाऱ्याचा प्रश्न

आता आपल्या घरचा विचार करू. युरोपीय संघात जर्मनी सर्वांत मोठा, पण त्याची लोकसंख्या संघाच्या एक-पंचमांशाहून कमीच आहे. दक्षिण आशियात लोकसंख्येचा जवळजवळ तीन-चतुर्थांश आणि उत्पन्नाचा सुमारे चार-पंचमांश हिस्सा एकट्या भारताचा आहे. शिवाय सार्कच्या मूळ सात सभासदांपैकी भारत वगळता कोणत्याही दोघांची भूसीमा एकमेकांना लागत नाही. नेपाळला बांगलादेशाकडे जावयाचे तर वाट आपल्या अंगणातून जाते. अशा रचनेत बरोबरीची देवाणघेवाण ही भाषाच फसवी ठरते. हत्ती आणि ससा यांच्यात समान अटींचा करार झाला तर तो सशाला समान वाटत नाही.

भारताने जेथे अधिक भार उचलला तेथे फळ मिळाले आहे. भूतानमधील चुखा जलविद्युत प्रकल्पाला भारताने साठ टक्के अनुदान व चाळीस टक्के कर्ज दिले. ती वीज भारताला मिळाली, भूतानच्या तिजोरीत उत्पन्न आले. २०११ मध्ये अल्पविकसित शेजाऱ्यांच्या मालावरील जकात भारताने दारू-तंबाखूसारख्या मोजक्या वस्तू वगळता उठविली. बांगलादेशच्या कपड्यांना त्याने बाजार मिळाला. २०१५ मध्ये भारत व बांगलादेश यांनी सीमेवरील १६२ छिटमहालांची अदलाबदल केली आणि जवळजवळ सात दशके कोणत्याच देशाचे नसलेल्या हजारो माणसांना नागरिकत्व मिळाले. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोरीत गेली तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य केले.

पण त्याच २०१५ मध्ये, भूकंपाने खचलेल्या नेपाळच्या सीमेवर इंधनाचे टँकर महिनोन् महिने अडून राहिले. भारत सरकारने नाकेबंदी केल्याचे नाकारले आणि मधेशी आंदोलनाकडे बोट दाखविले. नेपाळी जनतेने मात्र त्याचा अर्थ आपल्या परीने लावला, आणि पुढच्याच वर्षी नेपाळने चीनशी पारगमनाचा करार केला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तांतर झाले. त्यानंतर २०२५ मध्ये बांगलादेशने भारतीय सुताची भूमार्गाने होणारी आयात थांबविली, आणि भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून कलकत्ता व आपले न्हावा शेवा ही दोनच बंदरे मोकळी ठेवली. सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर शिवलेला सदरा आता अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरावा! दोन्ही सरकारांनी एकमेकांना धडा शिकविला. तो शिकावा लागला मात्र सूतगिरणीतल्या आणि शिवणकारखान्यातल्या कामगाराला.

'अखंड' नव्हे, महासंघ

डॉ. राममनोहर लोहियांनी १९६४ च्या एप्रिलमध्ये दीनदयाळ उपाध्याय यांच्यासमवेत काढलेल्या निवेदनात भारत-पाक महासंघाची कल्पना मांडली होती. दोन परस्परविरोधी विचारधारांचे नेते त्या कागदावर एकत्र आले याचे अप्रूप वाटते. परंतु त्या कल्पनेचा आज दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून भेद स्पष्ट केला पाहिजे. महासंघ म्हणजे स्वतंत्र राष्ट्रांनी, स्वतंत्र राहून, स्वेच्छेने काही अधिकार सामायिक करणे. 'अखंड भारत' म्हणजे शेजाऱ्याचे स्वातंत्र्य हीच एक ऐतिहासिक चूक मानून ती दुरुस्त करण्याची आकांक्षा. २०२३ मध्ये नव्या संसद भवनातील एका भित्तिचित्राला काही मंत्र्यांनीच अखंड भारताशी जोडले, तेव्हा नेपाळपासून पाकिस्तानपर्यंत पडसाद उमटले. ते अशोकाच्या साम्राज्याचे चित्र आहे, असा खुलासा परराष्ट्र खात्याला करावा लागला. ज्याला शेजाऱ्याचा विश्वास हवा आहे त्याने शेजाऱ्याचे घर आपल्या नकाशात रंगवू नये, एवढे साधे शहाणपण आपल्याला का नसावे?

लहान राष्ट्रांची धास्ती निराधार नसते. चार पूर्वेकडील देशांमध्ये वाहने मोकळेपणी जाण्यासाठी २०१५ मध्ये थिंपूला करार झाला. पण पुढच्या वर्षी खुद्द भूतानच्या वरिष्ठ सभागृहानेच त्याला मान्यता नाकारली. मोठ्या देशांच्या मालमोटारींच्या रांगा आपल्या डोंगररस्त्यांवर येतील, ही त्यांची भीती होती. ती भीती दूर करण्याचे काम भूतानचे नव्हे, आपले आहे.

रक्ताचा आक्षेप

यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो दहशतवादाचा, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत १६६ माणसे मारली गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला २६ जणांचे बळी गेले आणि मे महिन्यात दोन अण्वस्त्रधारी देश चार दिवस प्रत्यक्ष लढले. अशांशी कसला महासंघ, हा प्रश्न बळी गेलेल्यांच्या घरातून येतो तेव्हा त्याला प्रवचनाने उत्तर देता येत नाही. खुन्यांना आणि त्यांना आश्रय देणाऱ्यांना शासन झालेच पाहिजे. पाकिस्तानात लष्कराने लोकनियुक्त सरकारांना वारंवार मुठीत ठेवले आहे, हे सत्य नजरेआड करण्याचे कारण नाही.

पण मग हिशेब पुरता मांडा. पुलवामानंतर २०१९ च्या फेब्रुवारीत भारताने पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के जकात बसविली आणि ऑगस्टमध्ये पाकिस्तानने उरलासुरला व्यापार थांबविला. समझौता एक्सप्रेस बंद झाली. त्यामुळे २०२५ टळले काय? नाही. बुडाला तो अटारीचा हमाल आणि अमृतसरचा ट्रकचालक. बड्या व्यापाऱ्याचा माल दुबईमार्गे फिरतच राहिला. १९६० चा सिंधू जलकरार १९६५, १९७१ व १९९९ च्या युद्धांतही टिकला होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. पाण्याचा धाक दाखविल्याने सेनापती तहानेने व्याकूळ होत नाही; चिंता पडते ती पंजाब-सिंधच्या शेतकऱ्याला, आणि त्याच्या मनात सेनापतीविषयीचा राग उरत नाही, आपल्याविषयीचा रुजतो. लष्करशाहीला याहून मोठी भेट कोणती देणार? शत्रुत्व हेच जिचे भांडवल, तिचे भांडवल आपण वाढवावयाचे की घटवावयाचे, हा खरा व्यवहारी प्रश्न आहे. आपल्याकडेही मजुरी, महागाई, बेकारी यांविषयी विचारू लागलेल्या माणसाला सीमेकडे बोट दाखवून गप्प करता येते, हा अनुभव नवा नाही.

श्रमिकांच्या बाजूने

तेव्हा आरंभ कोठून करावयाचा? प्रस्तुत लेखकाच्या मते तो शिवणकारखान्यापासून करावा. बांगलादेशच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा चार-पंचमांशाहून अधिक आहे. श्रीलंका, पाकिस्तान व भारत हेही त्याच धंद्यात, त्याच परदेशी गिऱ्हाइकांसाठी झगडत आहेत. लंडनचा खरेदीदार ढाक्याच्या मालकाला तिरुपूरचा भाव दाखवितो, तिरुपूरच्या मालकाला कराचीचा. भाव पाडण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे मजुरी आणि सुरक्षितता. २०१२ च्या सप्टेंबरात कराचीच्या बल्दिया भागातील कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार आगीत मेले. सात महिन्यांनी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक गेले. एक मुसलमान देश, दुसराही मुसलमान देश, तिसरा आपला. चिरडली गेलेली बाई मात्र तीच, तशाच यंत्रापुढे बसलेली.

राणा प्लाझानंतर परदेशी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा कायदेशीर बंधन असलेला करार झाला. त्याच धर्तीचा करार २०२३ पासून पाकिस्तानात लागू झाला. म्हणजे सरकारे बोलत नसताना कामगारांचा एक करार ढाक्याहून कराचीला पोहोचला. तो तिरुपूर व बंगळूरला का पोहोचू नये? या देशांतील कामगार संघटनांनी मिळून एका किमान मजुरीच्या खाली कोणीही काम करणार नाही अशी सामायिक रेषा ठरविली, तर ती दक्षिण आशियाई संघाची पहिली खरी वीट ठरेल.

दुसरी वीट विजेची. २०२४ च्या ऑक्टोबरात नेपाळ, भारत व बांगलादेश यांनी त्रिपक्षीय करार केला आणि पावसाळ्यात नेपाळची चाळीस मेगावॅट वीज भारताच्या तारांतून बांगलादेशला जाऊ लागली. चाळीस मेगावॅट म्हणजे समुद्रात थेंब. पण ढाक्यात सत्तांतर झाल्यानंतर हा करार झाला आणि तो पाळला गेला, ही गोष्ट लहान नाही. हिमालयाचे पाणी, गंगेचे खोरे आणि बंगालचा उपसागर यांना एकत्र पाहिल्यावाचून पूर आणि दुष्काळ यांपैकी कशाचेच उत्तर सापडणार नाही. १९९६ चा गंगा जलकरार तीस वर्षांच्या मुदतीचा, म्हणजे २०२६ अखेरपर्यंतचा. त्याच्या जागी येणारी व्यवस्था केवळ दोघांची नसून नेपाळसह तिघांची असावी, ही मागणी आपण केली पाहिजे. दोनहून अधिक, पण सर्वच नव्हेत अशा सभासदांनी कृती समिती करून प्रकल्प हाती घ्यावेत, अशी तरतूद सार्कच्या सनदेतच आहे. पाकिस्तान येईपर्यंत पूर्वेने थांबण्याचे कारण नाही. मात्र पश्चिमेचे दार कायमचे बंद करण्यासाठी पूर्वेचा उपयोग करणेही योग्य नाही.

तिसरी वीट माणसाची. रत्नागिरीच्या आंबाबागांत राखण करणारा आणि मुंबईच्या इमारतींच्या दारांशी रात्र काढणारा नेपाळी माणूस १९५० च्या करारान्वये येथे मोकळेपणी येतो. पण त्याचे नाव कोणत्या कामगार नोंदवहीत आहे? बंगाली बोलणाऱ्या मजुराची स्थिती तर याहून वाईट. २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या काही भारतीय नागरिकांनाच बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलण्यात आले आणि मागाहून परत आणावे लागले. सीमेपलीकडच्या माणसाचे हक्क आपण नाकारू लागलो की सीमेअलीकडच्या गरिबाचेही हक्क धोक्यात येतात, ते असे.

आणि समुद्रावर? पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. पाण्यावर सीमेची रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली की ते कराचीच्या तुरुंगात, आणि पलीकडचे मच्छीमार आपल्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी. शिक्षेची मुदत संपली तरी यांतले कित्येक सुटत नाहीत. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली गेली होती. तिचे काम २०१३ नंतर थांबले. ज्यांच्याकडे जाळ्यापलीकडे शस्त्र नव्हते त्यांना सोडावयास कोणत्या शिखर परिषदेची गरज आहे?

कार्यकर्त्यांपुढील काम

महासंघाचे अंतिम स्वरूप काय असेल, त्याची संसद कोठे बसेल, चलन एक असेल की अनेक, हे आज ठरविण्याचे कारण नाही. पाणी, वीज, श्रममान व प्रवास या चार विषयांपुरते बंधनकारक निर्णय घेणारे मंडळ, आणि त्यात एकट्या भारताला आपले म्हणणे लादता येणार नाही अशी मतदानाची पद्धत, एवढे पहिल्या पिढीने केले तरी पुष्कळ. राजकीय ऐक्य हे अशा कामांच्या सवयीतून येते.

परंतु तेवढे होण्यासाठीही आपल्या देशातील लोकमत घडवावे लागेल. तयार कपड्यांच्या व्यवसायात काम करणाऱ्या साथींनी ढाका, कोलंबो व कराचीतील संघटनांशी मजुरीचे व सुरक्षिततेचे आकडे नियमित देवघेव करण्याचा प्रघात पाडावा. कोकणातील शाखांनी नेपाळी कामगारांची नोंदणी हाती घ्यावी. पालघर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मच्छीमारांच्या सुटकेचा आणि न्यायाधीशांच्या समितीच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न आमदार-खासदारांपुढे न्यावा, आणि तसे करताना आपल्या तुरुंगातील पाकिस्तानी मच्छीमारांच्या सुटकेचीही मागणी त्याच निवेदनात करावी. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. सभेत कोणी तरी उठून 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' असे विचारील. त्याला उत्तर द्यावे, की आम्ही जाळे ओढणाऱ्याच्या बाजूचे. हे उत्तर भर सभेत न कचरता देणारा कार्यकर्ता जोवर गावोगावी उभा राहत नाही, तोवर दिल्ली, ढाका वा इस्लामाबाद येथे कितीही सह्या झाल्या तरी त्या कागदावरच राहतील.